एका तारेवर बोलणें आणि लिहिणें



नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें नायगांव लागतें. तेथें व आसपासच्या खेड्यांत मिळून मीं बत्तीस वर्षें मुलांना शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम, एवढेंच. तेव्हां टेलिफोन, मोडेम, संगणक या विषयांवर मीं बोलावें हें पुष्कळांना धाडसाचें वाटेल, आणि तसें तें आहेहि. परंतु जें सांगणार आहें तें आधीं घरांत भोगलेलें आहे; मागाहून पुस्तकें चाळून आणि मुलाला विचारून विचारून समजून घेतलेलें आहे. एखादी गोष्ट आपल्याला उशिरा समजली कीं ती दुसऱ्याला सांगण्याची हौस वाटते. हा मास्तरकीचा दोष आपण पोटांत घालावा.

आमच्या घरीं टेलिफोन आला तो १९९७ सालीं. तोंपर्यंत आम्ही एस्. टी. स्टँडजवळच्या पिवळ्या पाटीच्या बूथमध्यें रांग धरीत असूं. खेड्यापाड्यांत टेलिफोन पोंचला याचें श्रेय बऱ्याच अंशीं सी-डॉट या सरकारी संस्थेला दिलें पाहिजे. १९८४ सालीं ती स्थापन झाली आणि १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें तिनें बनविलेलें १२८ जोडण्यांचें लहानसें ग्रामीण केंद्र सुरू झालें. धूळ आणि उन्हाळा सोसणारें असें तें केंद्र होतें. पण अशा कोणत्याहि केंद्राचा एक गुण ध्यानांत ठेवला पाहिजे. गांवांत शंभर टेलिफोन असले तरी शंभर माणसें एकाच वेळीं बाहेरगांवीं बोलणार नाहींत, आणि जो बोलेल तो दोन-चार मिनिटांत आटोपेल, हें गृहीत धरूनच बाहेर जाणाऱ्या तारा मोजक्या ठेवलेल्या असतात. हा हिशेब माणसाच्या जिभेवरून केलेला होता. जीभ दमते, यंत्र दमत नाहीं.

हें न दमणारें यंत्र आमच्या घरीं २००१ सालीं आलें. चिरंजीव नांदेडला अभियांत्रिकीच्या वर्गांत होते. त्यांनीं एक जुना संगणक आणि त्यासोबत डबीएवढा मोडेम आणला. आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांना खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमामार्फत, मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत. आमच्याकडे यावयास पांच-सहा वर्षें गेलीं. संगणकाला अंकांची भाषा कळते, तारेला आवाजाची. मोडेम हा या दोघांमधला दुभाषी. तो अंकांचे सूर करून तारेवर सोडतो आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हां अंक करतो. जोडणी होतांना जो चिरका, खरखरीत आवाज येई, तो पुष्कळांच्या कानांत अजून असेल. दोन मोडेम एकमेकांना, ‘तार कशी आहे, किती वेगानें बोलूं?’ असें विचारीत असत, तो हा आवाज. पावसाळ्यांत खांबावरच्या सांध्यांत ओल शिरली कीं तेच मोडेम समजूतदारपणें वेग निम्म्यावर आणीत.

तारेची मर्यादा कोठून येते तेंहि येथेंच सांगतों. टेलिफोनमधून सेकंदाला सुमारें ३०० ते ३,४०० कंपनांचाच आवाज जाऊं देतात. बोललेलें समजण्यास तेवढें पुरतें. म्हणून तर टेलिफोनवर ओळखीचा गळाहि किंचित् चेपल्यासारखा लागतो. या अरुंद पट्टींतून अंकांचे सूर पाठवावयाचे. १९९४ च्या सुमारास सेकंदाला २८,८०० चिन्हें पाठविणारे मोडेम निघाले. चिन्ह म्हणजे बिट, शून्य किंवा एक. १९९८ मध्यें हा आंकडा घराकडे येणाऱ्या बाजूनें ५६,००० पर्यंत गेला, पण तो कागदावर. आमच्या तारेवर २८,८०० मिळाले कीं चिरंजीव खूष असत.

आतां जें सांगावयाचें तें सांगतों.

त्याच वर्षीं श्रावणांतील एका संध्याकाळीं चिरंजीवांना अभ्यासासाठीं एक दहा मेगाबाइटांची फाइल उतरवून घ्यावयाची होती. हिशेब सोपा आहे. दहा मेगाबाइट म्हणजे सुमारें आठ कोटी बिट. त्यांना २८,८०० नें भागलें कीं शेहेचाळीस मिनिटें होतात. मध्येंच कोणी रिसीव्हर उचलला तर जोडणी तुटून पहिल्यापासून आरंभ. म्हणून मीं टेलिफोनवर एक रुमाल टाकून ठेवला होता. एक फोन चालूं असतां दुसरा आल्याची टुकटुक ऐकविणारी सोयहि आम्हीं बंद करून घेतली होती, कारण त्या टुकटुकीनेंहि मोडेम बिथरत असे. थोडक्यांत, शेहेचाळीस मिनिटें आमचें घर जगाला बंद होतें, आणि तें आम्हीं आमच्या हातानें बंद केलें होतें.

माझी थोरली बहीण देगलूरला राहात असे. त्या संध्याकाळीं तिच्या छातींत कळ आली. तिला जीपमध्यें घालून नांदेडला न्यावयाचें ठरलें. नांदेडचा रस्ता आमच्या दारावरून. भाच्यानें फोन लावला: मामा, रस्त्यावर उभे राहा, आईला तुम्ही हवे आहां. फोन व्यस्त. पुन्हां लावला, व्यस्त. निघतांना तिसऱ्यांदा लावला. शेजारीं फोन नव्हता असें नाहीं, पण अशा घाईंत दुसऱ्याचा आंकडा कोणाला सुचतो? जीप नायगांवच्या नाक्यावरून गेली तेव्हां मी खुर्ची टाकून ती निळी पट्टी पुढें सरकते कशी, तें पाहात बसलों होतों. अंधारांत, घाईंत, जीप माझ्या दाराशीं थांबली नाहीं. थांबावें असें तिच्यांतल्या कोणाला वाटलेंहि नसेल, कारण फोन चालूं आहे म्हणजे मामा घरांत कोणाशीं तरी बोलत बसले आहेत, असेंच ते समजले. रात्रीं साडेदहाला निरोप मिळाला. मी नांदेडला पोंचलों तेव्हां बहीण गेली होती.

यांत कोणाचा दोष नाहीं, असें भाचा म्हणतो. मी त्याच्याशीं वाद घालीत नाहीं.

मास्तराचें दुःख बहुधा वेळापत्रकाच्या रूपानें बाहेर पडतें. तेराव्यानंतर मीं एक कागद टेलिफोनच्या वर चिकटविला. संगणकाची जोडणी रात्रीं दहानंतर. दिवसां लागलीच तर पंधरा मिनिटें आणि मग दहा मिनिटें तार मोकळी. पत्रें आधीं लिहून ठेवावयाचीं, जोडणी झाली कीं एकदम पाठवावयाचीं आणि आलेलीं उतरवून घेऊन जोडणी तोडावयाची, वाचणें मागाहून. संध्याकाळीं आठ ते नऊ तार कोणत्याहि कारणानें अडवावयाची नाहीं. चिरंजीवांनीं हा कागद मुकाट्यानें पाळला. मोठ्या फायली तुकड्या-तुकड्यांनीं आणणारी आणि जेथें तुटलें तेथून पुढें चालविणारी एक युक्तिहि त्यांनींच शोधून काढली.

परंतु वेळ वांटून देणें हा उपाय झाला; प्रश्न तसाच राहिला. बोलणें आणि लिहिणें हीं दोन्हीं एकाच तारेवर, एकाच वेळीं चालणार नाहींत काय?

हा प्रश्न फार जुना आहे. १८८० नंतरच्या दशकांत बेल्जममध्यें फ्रान्स्वा व्हान रिसेलबर्ग नांवाच्या एका गृहस्थानें तारायंत्राच्या तारेवरूनच टेलिफोनचें बोलणें चालवून दाखविलें होतें. त्याची कल्पना अशी: तारायंत्राचा ठोका एकदम पडतो म्हणून टेलिफोनमध्यें खट् ऐकूं येतें, तोच ठोका हळूहळू चढला व हळूहळू उतरला तर तारायंत्राला तो पुरतो आणि टेलिफोनच्या कानाला मात्र लागत नाहीं. म्हणजे एकानें आपला आवाज दुसऱ्याला ऐकूं न येईल इतका मंद करावयाचा.

मला ही गोष्ट समजली ती आमच्या शाळेवरून. द्विशिक्षकी शाळेंत एका खोलींत दोन-दोन इयत्ता बसतात, हें शहरांतल्या श्रोत्यांना कदाचित् ठाऊक नसेल. एका मास्तरानें दोन वर्ग सांभाळावयाचे म्हणजे एकाला तोंडी आणि दुसऱ्याला लेखी द्यावयाचें. पहिलीचीं मुलें पाढे म्हणत असतां दुसरीनें शुद्धलेखन लिहावें. आतां पाढा मध्येंच थांबविला तर त्याची लय मोडते, मुलें पुन्हां ‘बे एके बे’पासून लागतात. लेखन दोन मिनिटें थांबलें तरी अक्षर अक्षरच राहतें. उलट लेखनांत एक काना गळला तर चूक. पाढ्यांत एखादा अस्पष्ट उच्चार आला तरी ऐकणारा समजून घेतो. तारेवरच्या बोलण्याची आणि लिहिण्याची प्रकृति हुबेहूब अशी आहे. लेखी मजकुराला उशीर चालतो, गळती चालत नाहीं. बोलण्याला थोडी गळती चालते, उशीर मात्र मुळींच चालत नाहीं. एका बाजूनें निघालेला शब्द दुसऱ्या कानीं सुमारें १५० सहस्रांश सेकंदांच्या आंत पडला पाहिजे. त्याहून फार लांबला तर दोघेहि एकदम बोलूं लागतात आणि दोघेहि एकदम गप्प बसतात.

हें मला २००४ सालीं प्रत्यक्ष अनुभवास आलें. चिरंजीव तेव्हां नोकरीसाठीं परदेशीं गेले होते. इंटरनेटवरून बोलण्यास आपल्या देशांत १ एप्रिल २००२ पासून कायद्यानें परवानगी मिळाली होती, आणि परदेशच्या टेलिफोनचा दर आमच्या निवृत्तिवेतनाला परवडणारा नव्हता. मग जुन्याच मोडेमवरून बोलणें सुरू झालें. एके दिवशीं मुलाचा आवाज अगदीं नीट येत असतां एकाएकीं तुटूं लागला. शब्दाचें डोकें एकीकडे आणि धड एकीकडे. त्यानें पलीकडून विचारलें, ‘बाबा, संगणकावर दुसरें कांहीं चाललें आहे काय?’ चाललें होतें. शाळेचें एक परिपत्रक उतरत होतें.

तें कां तुटत होतें, हें त्यानें मला मागाहून पत्रानें समजावून दिलें, आणि तें मला इतकें आवडलें कीं तें मी येथें माझ्या भाषेंत सांगतों. इंटरनेटवर सर्व मजकूर लहान लहान पाकिटांनीं जातो. परिपत्रकाचें एक पाकीट १,५०० बाइटांचें, म्हणजे १२,००० बिटांचें असतें. २८,८०० च्या तारेवरून तें एक पाकीट जाण्यास सुमारें ४१७ सहस्रांश सेकंद लागतात. आवाजाचें पाकीट अगदीं चिमुकलें. पण तें या मोठ्या पाकिटाच्या मागें सांपडलें कीं त्याच्यासाठीं ठरलेल्या १५० सहस्रांशांची वाट लागलीच. उसाच्या हंगामांत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अरुंद पुलावर चढला कीं त्याच्या मागें रुग्णाची जीप असो कीं वराची घोडी, सर्वांना थांबावें लागतें. पूल मोठा करण्यास पैसा नसेल तर दोनच उपाय उरतात. ऊस लहान गाड्यांत भरावा, आणि दोन गाड्यांच्या मध्यें जीपला आधीं जाऊं द्यावें. मोडेमवर हेंच करतां येतें: मजकुराचीं पाकिटें फोडून बारीक करावयाचीं, आणि रांगेंत आवाजाला सदैव पुढें काढावयाचें. दोन तारा घेऊन त्या जुळवून एक रुंद वाट करतां येते, पण तो श्रीमंतांचा उपाय झाला.

आवाजहि आवळावा लागतो. टेलिफोन केंद्रांत आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतात, प्रत्येक नमुना आठ बिटांचा. म्हणजे एका बोलण्याला ६४,००० बिट. मोडेमवर एवढी जागाच नाहीं. म्हणून तज्ज्ञांनीं गळा आणि जीभ कशी चालते याचा अभ्यास करून तोच आवाज ६,३०० बिटांत बसविण्याची रीत काढली, म्हणजे जवळजवळ दहाव्या हिश्श्यांत. येथें मात्र एक गंमत होते. या रीतींत दर ३० सहस्रांश सेकंदाला २४ बाइटांचा आवाज निघतो, आणि त्याला जें पाकीट लागतें, पत्ता वगैरे लिहावयास, तें ४० बाइटांचें! पत्राहून पाकीट जड. त्यामुळें ६,३०० चे पुन्हां १७,००० होतात. पण एकाच घराहून एकाच घरीं शेंकडों पाकिटें जात असतां प्रत्येकावर पूर्ण पत्ता कशाला? ‘मागीलप्रमाणें’ एवढें लिहिलें कीं काम भागतें. ही काटकसर केली कीं चाळीसाचे दोन-चार बाइट होतात आणि आवाज पुन्हां साडेसात हजारांच्या आसपास येतो. उरलेली तार मजकुराला. शिवाय एक बोलतो तेव्हां दुसरा बहुधा ऐकत असतो. ऐकणाऱ्याची शांतता पाठवावयाची नाहीं, एवढें जरी केलें तरी पुष्कळ जागा सुटते. पोस्टांतल्या कारकुनाला हें सर्व ऐकून हंसूं येईल, त्याच्या आजोबानें तारेचे शब्द असेच मोजले होते.

महाराष्ट्रांत तारेच्या या काटकसरीचा मोठा प्रयोग झाला तो वारणानगरला. कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यांत तात्यासाहेब कोरे यांनीं उभा केलेला सहकारी साखर कारखाना आणि त्याभोंवतालचा समूह प्रसिद्धच आहे. तेथें १९९८ सालीं केंद्र सरकारचें राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनीं मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गांवें संगणकानें जोडण्याची योजना हातीं घेतली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनाची पावती, खत, बिल, या सगळ्यासाठीं शेतकऱ्याला कारखान्यावर खेटे घालावे लागत; ते वांचावे हा हेतु. गांवांत एक संगणक, आणि तेथून मध्यवर्ती कार्यालयापर्यंत टेलिफोनची डायल-अप जोडणी. मी स्वतः तिकडे गेलेलों नाहीं, पण ऊस आमच्याहि भागांत आहे. बिल निघालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दिवस मोडणारा शेतकरी मला घरचा वाटतो.

पुढें काय झालें, तें अधिक मनोरंजक आहे. बऱ्याच गांवांतील संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबापुरता राहिला. संगणक जुने झाले, वीज जाई, दुरुस्ती महाग. तेव्हां २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनीं सात गांवांत आठ महिने असा प्रयोग केला कीं संगणक आणि मोडेम काढून त्यांच्या जागीं साधा मोबाइल ठेवला. शेतकऱ्याचा आंकडा लिहून लघुसंदेश पाठवावयाचा. कारखान्यावर संगणकाला जोडलेला दुसरा मोबाइल वजन वा बिल उलट कळवी. प्रयोग यशस्वी झाला. लघुसंदेश म्हणजे १४० बाइट, इंग्रजी अक्षरें मोजलीं तर १६०. आणि तो बोलण्याच्या वाटेनें जातच नाहीं. घंटी वाजविणें, फोन जोडणें-तोडणें अशा निरोपांसाठीं मोबाइलच्या जाळ्यांत जी निराळी पायवाट ठेवलेली असते, तिच्यावरून तो जातो. उसाच्या वजनाला हमरस्ता लागत नाहीं. त्याला पायवाट पुरते. मला वाटतें, मोठ्या योजना आंखणाऱ्यांनीं आधीं मजकूर तोलून पाहावा आणि मग तार मोजावी.

घरोघरच्या तारेचा प्रश्न पुढें निराळ्याच रीतीनें सुटला. भारत संचार निगमानें जानेवारी २००५ मध्यें ब्रॉडबँड सुरू केलें. तांब्याची तार तीच, खांब तेच. फक्त ध्यानांत हें आलें होतें कीं ३,४०० कंपनांच्या वर तार रिकामीच पडली आहे. बोलणें खालच्या मजल्यावर ठेवलें, मजकूर वरच्या मजल्यावर चढविला, आणि घरांत तारेच्या तोंडाशीं एक काडेपेटीएवढी चाळणी बसविली. तिचें नांव स्प्लिटर. रिसेलबर्गाची जुनी कल्पनाच ही, फार मोठी झालेली. आमच्या घरीं ती चाळणी यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. ज्या दिवशीं ती बसविली त्या दिवशीं चिरंजीव रजेवर आलेले होते. संगणकावर एक मोठी फाइल उतरूं लागली असतां त्यांनीं टेलिफोनचा रिसीव्हर उचलून माझ्या कानाशीं धरला. आंत डायलची संथ घरघर चालूं होती. आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं.

आतां तांब्याची तारहि मागें पडत चालली. मोबाइलच्या चौथ्या पिढीच्या जाळ्यांत तर बोलणें आणि मजकूर पुन्हां एकाच वाटेनें जातात. फक्त जाळें बोलण्याच्या पाकिटांना राखीव वाट देतें. पण हा मान कंपनीच्या स्वतःच्या फोनलाच मिळतो. इतर ॲपांवरून केलेलें बोलणें सर्वसाधारण रांगेंतच उभें असतें. २०२० च्या टाळेबंदींत हें घरोघरीं दिसलें. नात एका खोलींत वर्गाला बसलेली, दुसऱ्या खोलींत कोणाच्या तरी मोबाइलमधून लग्नाचे फोटो वर चढत आहेत, आणि बाईंचा आवाज तुटतो. लोक म्हणत, नेट गेलें. नेट गेलेलें नसे. बाहेर जाणाऱ्या वाटेवर राउटरच्या पोटांत फोटोंची लांब रांग लागलेली असे आणि मुलीचें ‘हजर’ त्या रांगेच्या शेपटाशीं उभें असे. बहुतेक जोडण्यांत घराकडे येणारी वाट रुंद व घराबाहेर जाणारी अरुंद असते, हें पुष्कळांना माहीत नसतें. मीं नातीच्या वर्गाच्या वेळीं सर्वांचे फोटो बंद करविले तेव्हां सूनबाईंना वाटलें, मामंजी पुन्हां तो कागद चिकटविणार.

कागद मीं काढलेला नाहीं. टेलिफोनची जोडणी परत केली, मोडेम माळ्यावर आहे, भिंतीवर मात्र तो कागद पिवळा पडून राहिला आहे. आठ ते नऊ या ओळीखालीं मीं त्या वेळीं कंसांत ‘देगलूर’ असें लिहिलें होतें. भाच्याच्या खिशांत आतां मोबाइल असतो, माझ्याहि. कोणत्याहि घटकेला बोलतां येतें. तरी तो फोन करतो तो आठ आणि नऊच्या मध्येंच, आणि पहिल्या घंटीला मीं उचलला नाहीं तर दुसऱ्यांदा लावतो.